हुकूम उठला, दप्तर राहिलें

आपल्या संघाच्या मागील मासिक सभेंत, भाताच्या आधारभूत किमतीचा विषय संपल्यावर, दोघां तरुण सभासदांमध्यें जो वाद झाला तो पुष्कळांनीं ऐकला असेल. एकाचें म्हणणें असें कीं, सरकारनें शेतमालाच्या व जमिनीच्या व्यवहारांतून आपला हात काढून घेतला म्हणजे शेतकऱ्याची भरभराट आपोआप होईल. दुसऱ्याचें म्हणणें अगदीं उलट. सरकारचा हात निघाला कीं व्यापारी व दलाल शेतकऱ्यास गिळून टाकतील. दोघेहि शिकलेले आणि आपापल्या परीनें प्रामाणिक. वेळ झाली म्हणून अध्यक्षांनीं वाद थांबविला. मी मागच्या बांकावर बसलों होतों. घरीं येईपर्यंत माझ्या मनांत एकच विचार घोळत होता कीं, दोघांनींहि जिचें नांव काढलें नाहीं त्याच वस्तूवर सर्व अवलंबून आहे. तिजबद्दल चार शब्द लिहिण्याची परवानगी संपादकांनीं दिली, ह्याबद्दल मी त्यांचा आभारी आहें.

माझें शिक्षण मराठी शाळेंतलें, आणि बत्तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी करून मी निवृत्त झालों. अर्थशास्त्राचे ग्रंथ माझ्या वाचनांत नाहींत. परंतु २०२४ सालीं त्या शास्त्राचें नोबेल पारितोषिक डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन व जेम्स रॉबिन्सन ह्या तिघांस मिळालें, आणि तें कशाबद्दल, तर देशाची सुबत्ता तेथील संस्थांवर कशी अवलंबून असते हें दाखविल्याबद्दल, असें वर्तमानपत्रांत वाचलें तेव्हां मला हंसूं आलें. संस्था म्हणजे काय? कायदा, कचेरी, न्यायालय, नोंदवही, वजनकाटा, आणि त्या सर्वांवर लोकांचा असलेला किंवा नसलेला विश्वास. मला जन्मभराच्या संवयीनें ह्या सर्वांस एकच शब्द सुचतो, तो म्हणजे दप्तर. पंडितांनीं जें मोठ्या श्रमानें सिद्ध केलें तें तहसिलीच्या ओट्यावर बसलेल्या प्रत्येक अर्जदारास पूर्वींपासून ठाऊक आहे.

सरकारचा हुकूम एकदम उठला म्हणजे काय होतें, ह्याचा प्रयोग जगांत एकदां फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. १९९१ सालीं जुलै महिन्यांत दिल्लीस डॉ. मनमोहन सिंग यांनीं परवान्यांचें राज्य सैल करणारा अर्थसंकल्प मांडला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सोव्हिएत संघ विसर्जित झाला. आपल्याकडे बंधनें सैल झालीं. तिकडे तर शेत, कारखाना, दुकान सर्वच सरकारचें होतें, तें लोकांच्या हातीं द्यावयाचें होतें. पूर्व युरोपांतील व रशियांतील राष्ट्रांनीं हें काम जवळजवळ एकाच वेळीं आरंभिलें. निघाले सर्व एकाच ठिकाणाहून. पोंचले मात्र निरनिराळ्या ठिकाणीं.

पोलंडांत साम्यवादी राजवट असतांहि सुमारें पाऊण हिस्सा शेतजमीन खासगी शेतकऱ्यांच्याच नांवें राहिली होती. सामुदायिक शेतीचा आग्रह तेथें १९५६ नंतर सोडून द्यावा लागला. १ जानेवारी १९९० पासून लेशेक बाल्त्सेरोविच ह्या अर्थमंत्र्यानें भावांवरील नियंत्रणें बहुतेक सर्व उठविलीं. महागाई भडकली, बेकारी वाढली. लहान शेतकऱ्यांसहि ते दिवस सुखाचे गेले नाहींत, परंतु त्यांच्या पायांखालची जमीन तरी त्यांची होती. सरकारी शेतांवर राबणारे मजूर मात्र तीं शेतें मोडल्यावर अगदीं उघडे पडले, कारण त्या जमिनीवर त्यांच्यापैकीं कोणाचेंच नांव नव्हतें. त्याच १९९० सालीं पोलंडांत गांवोगांवच्या स्थानिक सभा लोकांच्या मतानें पुन्हां निवडल्या गेल्या. पैसा कोठें खर्च झाला हें विचारण्यास जवळ कोणी तरी उत्पन्न झालें. १ मे २००४ रोजीं तो देश युरोपीय संघांत गेला तो आपलें घर पुष्कळसें सांवरूनच.

रशियाची कथा निराळी. १९९२ सालीं तेथें प्रत्येक नागरिकास दहा हजार रूबलांची एक चिठ्ठी देण्यांत आली. ती देऊन सरकारी कारखान्यांतील भाग घ्यावयाचा. चिठ्ठी सर्वांस सारखी, ह्याहून न्याय्य तें काय? परंतु भागांची नोंद कोण ठेवतो, आणि ती खोटी निघाली तर दाद कोठें मागावयाची, ह्याची विश्वासार्ह व्यवस्था कोठेंच नव्हती. पुष्कळांनीं ती चिठ्ठी मिळेल त्या किमतीस विकून टाकली. १९९५ सालीं सरकारनें कर्जाच्या बदल्यांत मोठमोठ्या तेलकंपन्यांचे भाग मूठभर धनिकांच्या हातीं जाऊं दिले. सामुदायिक शेतांवरील कुटुंबांस जमिनीचा हिस्सा मिळाला, पण कागदावर. बांध कोठून कोठें, हें तो कागद सांगत नव्हता. ज्यांच्या घरीं पोटहिश्शाची मोजणी अजून व्हावयाची आहे, त्या वाचकांस ह्यावर अधिक भाष्य नको. आणि ही हानि केवळ पैशाचीच नव्हे. तेथील पुरुषांचें सरासरी आयुर्मान १९९० सालीं सुमारें ६४ वर्षें होतें, तें १९९४ पर्यंत ५८ च्याहि खालीं आलें. लढाई नाहीं, दुष्काळ नाहीं, आणि चार वर्षांत सहा वर्षांचें आयुष्य गेलें. दारू, बेकारी आणि दवाखान्यांची दुर्दशा अशीं कारणें सांगतात. मला दिसतें तें असें कीं, उद्यां काय होईल ह्याचा भरंवसा ज्याला कोणतीच कचेरी देऊं शकत नाहीं, तो मनुष्य आपल्या प्रकृतीची काळजी घेणेंहि सोडून देतो.

युक्रेन देशानें तिसराच मार्ग धरला. तेथें सुमारें ७० लक्ष लोकांस सामुदायिक शेतांतील जमिनीचे हिस्से मिळाले. पण धनिक त्या विकत घेऊन टाकतील ह्या भीतीनें २००१ पासून शेतजमिनीच्या विक्रीसच बंदी करण्यांत आली, आणि ती १ जुलै २०२१ पर्यंत टिकली. वीस वर्षें शेतकरी मालक होता, पण विकूं शकत नव्हता आणि जमीन तारण ठेवून कर्जहि काढूं शकत नव्हता. म्हाताऱ्या माणसांनीं आपले तुकडे मोठमोठ्या कंपन्यांस अल्प खंडानें लावून दिले. म्हणजे ज्यांच्या भीतीनें बंदी घातली त्यांच्याच नांगराखालीं जमीन गेली, फक्त किंमत न देतां. आपल्या सभेंतील दोघांपैकीं बंदीची बाजू घेणाऱ्या मित्रानें हें उदाहरण ध्यानांत ठेवावें, आणि मोकळीक मागणाऱ्यानें रशियाचें.

परदेशची गोष्ट येथवर पुरे. आपल्याच राज्यांत १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. कपाशी पिकविणाऱ्यानें आपला कापूस सरकारनें नेमलेल्या पणन महासंघासच विकावा, दुसऱ्यास नाहीं. हेतु उत्तम; व्यापाऱ्याच्या काट्यांतून शेतकऱ्याची सुटका व्हावी आणि त्यास हमीचा भाव मिळावा. आरंभींचीं कांहीं वर्षें लोकांस ती आपली वाटली. पुढें भाव ठरूं लागला तो निवडणुकीकडे पाहून. चुकारे रखडूं लागले. बाहेर भाव चढला कीं रातोरात कापूस शेजारच्या राज्यांत जाऊं लागला, आणि बाहेर उतरला कीं तोच उलटा इकडे येऊं लागला. तोटा वाढत गेला आणि २००२ च्या सुमारास एकाधिकार उठला. उठला तो योग्यच, असें मी म्हणेन. पण उठतेवेळीं त्याच्या जागीं काय उभें होतें? वेळेवर मिळणारें पीककर्ज, नुकसानींत उपयोगीं पडणारा विमा, तंटा झाल्यास लवकर मिळणारा निकाल, ह्यांपैकीं एकहि गोष्ट पुरती उभी नव्हती. वऱ्हाडांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं पुढील वर्षांत सगळा देश हादरला, आणि २००६ सालीं पंतप्रधानांस स्वतः तिकडे जाऊन मदतीची घोषणा करावी लागली. त्या दुःखास अनेक कारणें होतीं, सर्व एका योजनेच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. तथापि हुकूम काढून घेण्यास एक दिवस पुरतो आणि दप्तर उभें करण्यास एक पिढी लागते, हा हिशेब कोणीं मांडलेला दिसत नाहीं.

आतां आपल्या तालुक्याकडे वळूं. येथून पुढें जें लिहितों तें वाचून कांहीं सभासदांस राग येण्याचा संभव आहे. त्यांची मीं आधींच क्षमा मागून ठेवतों.

१९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन ह्यांनीं कसणारा तो मालक ठरविला. ह्याहून मोठी उलथापालथ रशियांतसुद्धां इतक्या शांतपणें झाली नसेल. पण मालक कोण झाला? ज्याचें नांव त्या दिवशीं कागदावर कूळ म्हणून होतें तो. १९४८ व १९५७ ह्या दरम्यान पुष्कळ कुळांनीं राजीखुशीनें जमिनी सोडल्याचे कागद झाले. ती खुशी कितपत खरी होती ह्याविषयीं दांडेकर व खुदानपूर यांनीं गोखले संस्थेच्या वतीनें त्याच काळांत तपास करून शंका प्रकट केली होती. आपल्या बाजूस काथोडी आणि वारली लोक पिढ्यान्‌पिढ्या शेतांत राबले, पण त्यांचें नांव क्वचितच कोणीं कोठें चढविलें. ज्या कुणबी वा आगरी घराचा बाप अक्षरशत्रु असूनहि दर सालीं तलाठ्यापुढें उभा राहून पीकपाहणींत आपलें नांव लागलें कीं नाहीं हें विचारीत असे, त्या घरचीं मुलें पुढें शाळेंत गेलीं, मास्तर झालीं, एस. टी. त लागलीं. एका ओळीचा फरक, पण तो दोन पिढ्या पुरला.

पुढें गोदामें आलीं. तीं येथेंच कां आलीं, ह्याचें उत्तरहि दप्तरांतच आहे. मुंबईच्या हद्दींत माल नेला कीं जकात. म्हणून व्यापाऱ्यानें माल हद्दीबाहेर, पण हांकेच्या अंतरावर ठेवला. काल्हेर, काशेळी, पूर्णा, माणकोली, दापोडे, राहनाळ, वळ ह्या गांवांच्या भातखाचरांवर पत्रे चढले ते त्यामुळें. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला व मुंबईची जकात गेली, तेव्हां गोदामेंहि जातील असें कित्येकांनीं भाकीत केलें. झालें उलटेंच, राज्याराज्यांत लहान लहान साठे ठेवण्याचें कारण उरलें नाहीं, म्हणून कंपन्यांनीं एकाच ठिकाणीं अवाढव्य गोदामें घेतलीं आणि तीं आपल्याकडे आलीं. ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा शेवटचा टप्पा आपल्या आमण्यापर्यंत खुला झाला. आतां पडघ्याच्या बाजूचे भाव कोठें जातील तें कोण सांगणार?

ह्या गोदामांनीं तालुका श्रीमंत झाला हें खरें. परंतु कोण श्रीमंत झाला, हें विचारावें. माझ्या पाहण्यांत असें आलें कीं, ज्या घराचा उतारा स्वच्छ होता, वारसनोंद वेळेवर झाली होती, हद्दीची मोजणी झाली होती, त्यानें जमीन विकली नाहीं. भाड्यानें दिली, आणि आज त्याला दरमहा भाडें येतें. ज्याच्या उताऱ्यांत घोळ होता त्याला भाडेकरूहि मिळाला नाहीं व बँकेचें कर्जहि मिळालें नाहीं. मिळाला तो दलाल. कुळाकडून आलेल्या जमिनी पूर्वीं परवानगीवांचून विकतां येत नसत. गरजू माणसें साठेखत व मुखत्यारपत्र करून पडत्या किमतीस त्या देऊन टाकीत. २०१४ सालीं नियम सैल झाला. खरेदीचें प्रमाणपत्र मिळून दहा वर्षें झालीं असल्यास आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून त्या जमिनी विकतां येऊं लागल्या. ज्या गटाचा आकार पांच रुपये त्याला अवघे दोनशें रुपये! पण हें दलालास आधीं कळलें आणि शेतकऱ्यास मागून. ह्या फरकाचे किती कोटी झाले असतील, त्याचा अंदाज करणें मीं सोडून दिलें आहे.

शिवाय घाईघाईनें, परवानगीवांचून जें बांधलें गेलें तें केव्हां तरी कोसळतें. एप्रिल २०२३ मध्यें वळपाड्याची इमारत पडली. खालीं गोदाम आणि वर माणसें राहत होतीं. मेलेले बहुतेक पोटासाठीं दूरदेशाहून आलेले होते.

आतां माझी स्वतःची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे, कारण दुसऱ्यांच्या दप्तराविषयीं इतकें लिहून आपल्याविषयीं गप्प बसणें बरें नव्हे. तालुक्याचें व माणसांचें नांव सांगत नाहीं. मी तेव्हां भूसंपादनाच्या कामावर होतों. एका रस्त्याच्या रुंदीकरणांत जमिनी गेल्या आणि मोबदल्याचें वाटप निघालें. एक विधवा बाई अर्ज घेऊन आली. तिचा नवरा वारून सहा वर्षें झालीं होतीं, पण त्याचें नांव उताऱ्यावर कधींच चढलें नव्हतें; एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या दिराचें एकट्याचेंच नांव होतें. मोबदला त्याला एकट्याला देऊं नये, एवढीच तिची हरकत. अर्ज आवक नोंदवहींत चढवून, त्यावर टिपणी लिहून, साहेबांपुढें ठेवणें हें माझें काम. पंधरा मिनिटांचें. मीं तिला सोमवारीं या म्हटलें. सोमवारीं पुन्हां पुढच्या सोमवारीं या म्हटलें. मीं पैसे मागितले नाहींत, दिरानेंहि मला कांहीं दिलें नाहीं. त्याची गांवांत वट होती, आणि उगाच वाईटपणा कशाला, एवढाच माझा विचार. तिसऱ्या सोमवारीं अर्ज पुढें गेला तेव्हां रक्कम दिराच्या खात्यांत जमा होऊन चार दिवस झाले होते. साहेब म्हणाले, बाईंना दिवाणी कोर्टांत जाण्यास सांगा. ती गेली. मी निवृत्त झालों त्या दिवशीं तो दावा चालूच होता.

तिचा मुलगा नववींत होता, हुशार होता, असें तिनेंच एकदां ओट्यावर बसून सांगितलें होतें. आज तो माणकोलीच्या बाजूस एका गोदामांत हमाली करतो. तो मला ओळखत नाहीं. मी त्याला ओळखतों. १९९० पासून संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम देशांची प्रगति मोजतांना उत्पन्नाबरोबर आयुष्य आणि शिक्षण हींहि धरूं लागला. त्या मापानें पाहिलें तर ज्या दिवशीं सरकारनें मोबदल्याची पूर्ण रक्कम चोख दिली, त्याच दिवशीं त्या घरीं प्रगति मागें गेली. आणि ती मागें नेणारा कायदा नव्हता, बाजारहि नव्हता, मी होतों.

ह्यावर कोणी म्हणेल, आतां सर्व संगणकावर आलें आहे; २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो, पीकपाहणी शेतकरी स्वतः आपल्या फोनवर करतो, कारकुनाची गरजच काय? सुधारणा मोठी आहे, हें मी मोकळ्या मनानें कबूल करतों. माझ्यासारख्याच्या सोमवारांस तिनें पुष्कळ आळा घातला. परंतु यंत्रांत तेंच उमटतें जें वहींत होतें. अधिकार अभिलेखांतील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानावी असें १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाचें १५७ वें कलम सांगतें. चुकीची नोंद डिजिटल सहीनें निघाली तर ती अधिकच खरी दिसते, इतकेंच.

म्हणून माझी संघास विनंति अशी आहे कीं, सरकारनें हात काढावा कीं ठेवावा ह्या वादास सभेचा अर्धा तास द्यावा, आणि उरलेला अर्धा तास गांवच्या फेरफार नोंदवहीस द्यावा. चावडीवाचन म्हणून जो उपक्रम अधूनमधून होतो तो आपणच दर दोन महिन्यांनीं एका एका गांवीं करावा. कोण वारलें, वारस किती, त्यांत मुली व सुना किती, कोणाचें नांव राहिलें, हें उघड वाचावें. वारसाहक्कानें मिळालेल्या जमिनीची वर्दी तीन महिन्यांच्या आंत द्यावयाची असते, हें किती घरांस ठाऊक आहे? मुलींस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाबरोबरीचा वांटा आपल्या राज्यानें १९९४ सालींच दिला आणि साऱ्या देशास तो २००५ सालीं लागू झाला. तरी भाऊबीजेच्या ताटांत हक्कसोडपत्राचा कागद ठेवण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. मोबदल्याची नोटीस आली म्हणजे ज्या बहिणींची आठवण होते, त्यांची आठवण नोटिशीच्या आधीं व्हावी.

वाचनास आरंभ कोणाच्या उताऱ्यापासून करावा, असा प्रश्न निघेल. माझ्यापासून करावा. आमच्या वडिलांच्या मागें आम्हां तिघां भावांचीं नांवें लागलीं. दोघी बहिणींचीं लागलीं नाहींत. ती वर्दी मींच स्वहस्तें लिहिली होती. बहिणींचीं नांवें दाखल करण्याबद्दलचा अर्ज मीं गेल्या महिन्यांत तलाठी कार्यालयांत दिला आहे आणि त्याची पोंच माझ्यापाशीं आहे. थोरले बंधू तेव्हांपासून माझ्याशीं बोलत नाहींत.